शेवंताचा मिठू

कापसाच्या दिवसांत मी कमी बोलते. मुद्दाम नाही, आपोआपच तसं होतं. दिवाळी सरली की अमरावतीच्या बडनेरा रोडवरून कापसाने फुगलेल्या गाड्या जायला लागतात. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो असतात. वर बांधलेल्या जाळीतून पुंजके सुटतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, कुंपणांना लटकून राहतात. सकाळी गच्चीवर लुगडं वाळत घालताना ओल्या पदराला एखादा पुंजका चिकटलेला सापडतो. तो बोटांनी सोडवते, आणि मग दिवसभर माझाच आवाज मला जरा पलीकडून आल्यासारखा ऐकू येतो. लीला विचारते, “बरं वाटत नाही का?” मी म्हणते, बरं आहे. हे दिवस कोणते ते तिलाही ठाऊक असतं. ती जास्त विचारत नाही.

मी लग्न होऊन अकोल्याला आले तेही असेच दिवस होते. सन साठ-एकसष्टचा सुमार असावा. माझं माहेर तिवशाजवळच्या खेड्यातलं. सातवी झाले होते, तेवढ्यानेही आमच्या वस्तीत माझं कौतुक होतं. मी दुसरेपणाची जाणार हे मला ठाऊक होतं. पहिली बायको तापाने गेली, नवरा जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री आहे, सासू आहे, लीला नावाची एक लहान मुलगी आहे, एवढं सांगितलं होतं. पोपटाचं कोणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते कोणाला वाटलंही नसणार.

जिनातल्या कामगारांची चाळ रेल्वेलाइनच्या पलीकडे होती. एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. हंगाम सुरू झाला की त्या चाळीवर रुईचं बारीक पांढरं धुकं उतरायचं. माठावरच्या झाकणावर, वरणात, लहान पोरांच्या पापण्यांवर, सगळीकडे तंतू. रोज संध्याकाळी भोंगा झाल्यावर भुवया आणि केस पांढरे झालेला एक म्हातारा आमच्या दारात यायचा, मोरीत जायचा, आणि तोंड धुऊन माझा नवरा होऊन बाहेर यायचा. नव्या लग्नात या गोष्टीचं हसू यायला हवं होतं. मला मात्र रोज त्या म्हाताऱ्याला आत घेताना क्षणभर थांबावंसं वाटायचं.

पहिल्या सकाळी मी चुलीपुढे बसले होते. लीलाचे बाबा उजाडायच्या आत कामावर गेले होते. यजमानांचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी त्यांना पहिल्या दिवसापासून लीलाचे बाबाच म्हणत आले. सासूबाईंना सगळी चाळ माय म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. माय नळावर गेली होती. चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, तडतड जळत होती. आणि माझ्या मागून एक बाई म्हणाली,

“हो मोकया, राजा.”

आमच्या वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो. मोकळा हो, म्हणजे मोकया हो. लहान लेकराला पायांवर बसवून आई म्हणते तसं. आवाज अगदी जवळचा होता, हळू, थोडा नाकातला. कोणी शेजारीण लेकरू घेऊन आली असं वाटून मी पदर सावरला आणि मागे वळले. मागे बाई नव्हती. भिंतीशी लीला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पाच-सहा वर्षांची असेल. तिचं तोंड मिटलेलं होतं. तिच्या समोर, आढ्याला टांगलेल्या काठीवर एक पोपट होता आणि त्याच्या खाली जमिनीवर तेलाच्या डब्याचं झाकण, राखेने भरलेलं. पोपट काठीवर मागे सरकला, शेपूट उचललं, राखेत पांढरा-हिरवा ठिपका पडला. मग त्याने पिसं झाडली आणि जिनाच्या भोंग्यासारखी लांब शीळ घातली.

“झालं,” लीला म्हणाली, आणि उठून खेळायला निघून गेली.

माय पाणी घेऊन आली तेव्हा माझी भाकर तव्यावर करपत होती. मी विचारलं नाही, पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं.

“मिठू बोलला न?” ती म्हणाली. “भेऊ नोको. तुह्या आधीची होती न शेवंता, तिचा आवाज हाये थो.”

मग भाकरी थापता थापता तिने सगळं सांगितलं. शेवंता घरी गाद्या-रजया भरून शिवायची. खोलीभर रुई आणि खोळी पसरलेल्या, आणि मिठू पंख न कापलेला, घरभर मोकळा फिरणारा. लोकांच्या नव्या खोळींवर डाग पडायला लागले. माय म्हणाली, पिंजऱ्यात घाल नाहीतर सोडून दे. शेवंताने दोन्ही केलं नाही. ती त्याच्यावर नजर ठेवून बसायला लागली. बडबड थांबवून पिसं फुगवली, दोन पावलं मागे गेला, की उचलायची आणि झाकणावरच्या काठीवर ठेवायची. “हो मोकया, राजा” म्हणायची. झालं की भिजवलेली हरभऱ्याची डाळ द्यायची. मायला ते थोतांड वाटलं होतं. पण होळीपर्यंत मिठू असा शिकला की दुसरीकडे कुठेही करायचा नाही, आणि ती म्हटल्याशिवाय तर नाहीच.

“अन् आता?” मी विचारलं.

“आता थोच म्हनते अन् थोच करते,” माय म्हणाली.

ती गेल्यावरही घरातली सकाळ तिच्याच शब्दाने होत होती. जेवणानंतर पुन्हा, दिवे लागायच्या आधी पुन्हा. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या घरात प्रत्येकाने त्या आवाजासाठी आपापली जागा करून ठेवली आहे. लीला रोज सकाळी तोंड न धुता काठीसमोर जाऊन बसायची. तिचे बाबा आवाज व्हायच्या आत घराबाहेर पडायचे. कामाची पाळी उशिराची असली तरी उजाडायच्या आत निघायचे आणि जिनाच्या फाटकापाशी चहाच्या दुकानावर बसून राहायचे, असं मला शेजारणीकडून कळलं. आणि माय. माय-लेक दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. कोनाड्यातले देव मोर्णा नदीत सोडले होते. भगत, अंगात येणं, उतारा, पिंड, सगळं सोडलं होतं, आणि माय ते फार कडक पाळायची. कोनाड्यात आता लीलाची पाटी असायची. तरीही रोज सकाळी मिठू बोलला की माय पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून त्या झाकणाजवळ ठेवायची.

“पाखराले,” ती म्हणायची.

मिठू ज्वारीची भाकर खात नसे. त्याला पेरू, मिरची, डाळ लागायची. तुकडा दुपारपर्यंत तिथेच असायचा. मग माय तो उचलून बाहेर गाईपुढे टाकायची. 

शेवंताचा फोटो नव्हता. तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी कुठे कोणाचे फोटो असायचे? तिची एक-दोन लुगडी मायने कोणाला देऊन टाकली होती. मला तिची उंची ठाऊक नव्हती, रंग ठाऊक नव्हता. मला फक्त तो आवाज ठाऊक होता, आणि तो मात्र इतका ठाऊक झाला की डोळे मिटून मांडून दाखवला असता. ‘हो’ आखूड यायचा, तुटलेला. ‘मोकया’तला ‘क’ जेमतेम ऐकू यायचा. आणि ‘राजा’ म्हणताना बाईने मान दुसरीकडे वळवली असावी, कारण तो शब्द पाठमोरा झाल्यासारखा यायचा. पीठ मळताना, पाणी भरताना मी त्या वळलेल्या मानेचा विचार करायची. कुठे बघत असेल ती? दाराकडे? पाळण्याकडे?

पौषात थंडी पडली. वऱ्हाडात ऊन जसं आडदांड तशी थंडीही चार दिवस हाडं धरते. मिठू पिसं फुगवून बसायला लागला. त्याचा गळा आधी घोगरा झाला, मग बसला. चोच उघडायचा, आतून नुसती हवा यायची. रुईचे तंतू घशात गेले असतील असं माय म्हणाली. मी त्याच्याजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवली, गुळाचं कोमट पाणी बोटावर धरलं. थोडं प्यायला.

दुपारपर्यंत आमच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते लीलाच्या. ती सकाळपासून काठीसमोरून हलली नव्हती.

“त्यानं केलंच नाई,” ती म्हणाली. “राख कोरडी हाये.”

मिठू काठीवर येऊन बसला होता. मागे सरकायचा, शेपूट उचलायचा, चोच उघडायचा, आणि शब्द न आल्याने पुन्हा पुढे यायचा. असं परत परत. मायने म्हटलं, हो मोकया. मी म्हटलं. लीला म्हणत राहिली, तिचा आवाज चिरकेपर्यंत. तो प्रत्येकीकडे मान वाकडी करून ऐकायचा आणि वाट बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. पोटाखाली हात लावला तर ते घट्ट लागत होतं. डोळे अर्धे मिटलेले.

शेजारच्या काशीबाई पाहून गेल्या. ओट्यावरून उतरताना मायला म्हणाल्या, “मले तर हे काई येगळंच दिसून राहिलं. एखांद्या भगताले दाखवा. लिंबू तरी उतरवा.”

“आमी थे सोडलं,” माय म्हणाली.

“तुमी सोडलं वं. तिनं सोडलं का?”

माय आत आली आणि सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली. दाणे उडत होते, पडत होते, पण ती कचरा वेचत नव्हती. लीला भिंतीकडे तोंड करून झोपली होती किंवा झोपल्यासारखं करत होती. तिची आई एकदा दवाखान्यात गेली आणि आली नव्हती. आता हाही जाणार आणि त्याच्याबरोबर तो आवाजही, हे तिला सांगायची गरज नव्हती.

मी काठीपुढे जाऊन बसले. खोलीकडे पाठ केली. मला लाज वाटत होती, कसली ते सांगता येत नाही. आधी हळू म्हणून पाहिलं. माझाच आवाज आला. नाकातून म्हटलं, ते सोंग वाटलं. मिठूने डोळे मिटून घेतले. मग मी त्या वळलेल्या मानेची आठवण केली. माझी मान दाराकडे वळवली, समोर कोणी लेकरू आहे आणि माझं अर्धं लक्ष चुलीवर आहे असं मनात धरलं, आणि म्हटलं.

ते माझ्या घशातून आलं. पण मला ते कानांनी आधी ऐकू आलं, आणि मग कळलं की मी बोलले.

मिठूच्या डोळ्यातला काळा ठिपका लहान झाला, मोठा झाला. तो सरळ उभा राहिला. दोन पावलं मागे गेला. राखेत पडलं, बरंच पडलं. त्याने अंग झाडलं आणि तो हलका होऊन काठीवर टेकला.

माझ्या मागे सुपातले दाणे थांबले होते. मी वळले. मायचे हात सुपावर तसेच होते. लीला अंथरुणावर उठून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे नुसती भिंत होती. मी पुन्हा वळून पाहिलं, कारण ती इतकं नीट बघत होती.

“पुन्हा म्हनू नोको,” माय हळूच म्हणाली.

पण म्हणावंच लागलं. मिठूचा गळा काही सुटला नाही. सकाळी, जेवणानंतर, दिवे लागायच्या आधी मी काठीपुढे बसायची, मान वळवायची आणि म्हणायची. पाखरू वाचलं. खायला लागलं. लीला पुन्हा समोर येऊन बसायला लागली, फरक इतकाच की आता ती मिठूकडे न बघता माझ्या गळ्याकडे बघायची.

पुढे मी शिक्षिका झाले. अमरावतीला नगरपालिकेच्या शाळेत किती वर्षं शिकवलं. तिथे गेल्यावर कळलं की माणसाला एकाहून जास्त आवाज असतात. वर्गात उभी राहिले की ‘मले-तुले’ आपोआप बाहेर राहायचं आणि पुस्तकातली भाषा तोंडात यायची. सुटीच्या घंटेबरोबर परत आपला आवाज. त्याची मला कधी भीती वाटली नाही, कारण तो बदल मी करत होते. अकोल्याच्या त्या पौषात मात्र बदल कोण करत होतं ते मला सांगता येत नव्हतं. लीलाला “दूध घे” म्हटलं आणि ‘घे’ पाठमोरा आला. नळावर कोणाला तरी “सरक वं” म्हटलं, तर काशीबाईंची घागर हातातून निसटली.  घरी येऊन मी आरशाचा तुकडा घेतला आणि त्यात बघत माझं नाव म्हणून पाहिलं. सुमन. ते माझ्या आवाजात आलं. पण मला ते तपासून बघावं लागलं होतं.

एका सकाळी मी पीठ मळत होते. आवाज आला, “हो मोकया, राजा.” राखेत ठिपका पडला. मिठूची चोच मिटलेली होती. माझी जीभ टाळूला लागलेली होती. मी बोलले की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. माय झाकणाजवळ भाकरीचा तुकडा ठेवायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली.

“तू बोलली?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्याच सुमारास एक दिवस जिनातला मोठा पट्टा तुटला आणि काम दुपारीच थांबलं. मला ते ठाऊक नव्हतं. जेवणं झाली होती, मी काठीपुढे बसून म्हटलं, आणि उठून दाराकडे वळले तर ओट्यावर पांढऱ्या भुवयांचा माणूस बसलेला. पायरीवर चपला तशाच. आत येत नव्हते. मी पाण्याचा तांब्या नेला. त्यांनी घेतला नाही.

“घरात कोन बोललं?”

“मी.”

“मिठू नाई?”

“त्याचा गळा बसला हाये. मी तसं म्हनलं नाई तर थो मरते.”

ते रस्त्याकडे बघू लागले. पट्टा तुटल्यामुळे जिनाची घरघर बंद होती आणि त्या शांततेत कापूस उडताना दिसत होता.

“थो शेवंताचा आवाज नाई,” ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. मी तांब्या पायरीवर ठेवला.

“पाखराशी बोलाचा तिचा आवाज येगळा होता. लाडाचा. घरात थे तशी बोलत नवती. तिचा आवाज जाडा. नळावरून हाक मारली तर फाटकावर आयकू ये.” ते थांबले. “होता, असं मी म्हनतो. आता आयकू येत नाई. आठवाले जातो अन् हेच येते. हो मोकया, हो मोकया. म्हनून मी सकायी घरात राहत नाई. वाटलं, हे आयकलं नाई तर थो दुसरा तरी राहीन. राहिला नाई.”

माझं लग्न झाल्यापासून ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. मग त्यांनी दवाखान्यातलं सांगितलं. शेवंता महिनाभर मोठ्या दवाखान्यात होती. मिठू ती असताना हा शब्द कधी बोलला नव्हता. ती बाजूला म्हणायची आणि तो करायचा, इतकंच. ती दवाखान्यात गेल्यावर दोन दिवस तो असाच अडून बसला, आणि मग एकदम तिच्यासारखं बोलला. माय धावत आत आली होती, शेवंता परत आली समजून. त्यांनी संध्याकाळी खाटेपाशी बसून शेवंताला ही गंमत सांगितली.

“मले वाटलं, हासन. हासली बी. अन् म्हनली, मंग आता मी नसली तरी तुमचं भागते.”

त्यांनी पायरीवरून एक पुंजका उचलला आणि बोटांत वळत राहिले. वळून त्याचा बारीक दोरा झाला.

“मी काय करू?” मी विचारलं.

“त्याले तुह्या आवाजानं शिकव.”

“अन् लीला?”

 त्या दिवशी ते तोंड न धुता आत आले आणि तसेच पांढऱ्या भुवयांनी लीलाजवळ बसले.

शिकलेलं मोडून नवं शिकवणं किती कठीण असतं ते मला पुढे शाळेतल्या मुलांनी पुष्कळ दाखवलं, पण पहिलं मिठूने दाखवलं. मी दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवायची. पिसं फुगली, बडबड थांबली, पाय मागे पडला, की हातावर घ्यायची आणि झाकणावर न्यायची. शब्द मात्र नाही. नुसती डाळ हातात धरून बसायची. तो माझ्या तोंडाकडे बघत बसायचा आणि मी ओठ दाबून बसायची. किती वेळा तो शब्द दातांशी येऊन थांबला असेल. मधूनच त्याचा धीर सुटायचा आणि तो उडून भलतीकडेच करायचा. मायच्या धुतलेल्या लुगड्यावर, तुरीच्या सुपात, एकदा लीलाच्या बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर. त्यांनी तो सदरा तसाच अंगात ठेवला आणि मायकडे बघून म्हणाले, “चला, सुटला तरी.” त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

लीलाला हे नको होतं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मी मोरीत असले की काठीखाली उभी राहून त्याच्या कानाशी जुना शब्द कुजबुजायची, नाकातून, मान वळवून. माझ्यासारखी. मी ऐकायची आणि दोन्ही हात पाण्यात तसेच ठेवून उभी राहायची. कुठून कुठे चाललं होतं ते. बाईकडून पाखराकडे, पाखराकडून माझ्याकडे, माझ्याकडून आता पोरीकडे.

माघात तिला ताप भरला. साधाच असेल, पण त्या घराला ताप साधा वाटत नव्हता. मायने पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, बाबा औषध आणायला गेले. दुपार होती, दारातून ऊन आत येत होतं आणि त्या उन्हात रुई तरंगत होती. लीलाने माझा पदर धरला.

“तसं म्हन,” ती म्हणाली. “मिठूले नाई. मले म्हन.”

मायने माझ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेली. नको म्हणण्याचं बळ माझ्यात नव्हतं. मी मान दाराकडे वळवली, आणि म्हटलं, “नीज वं, माय राजा.”

मला ठाऊक नव्हतं मी ‘माय राजा’ म्हणणार आहे. लेकराला लाडाने म्हणायचे ते शब्द माझ्या माहेरी कोणी वापरत नव्हतं. मिठूने कधी म्हटले नव्हते. काठीवर त्याने पिसं अंगाला चिकटवून घेतली आणि सरळ उभा राहिला. लीलाने डोळे उघडले. माझ्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. तापाने तिचे डोळे चमकत होते.

“आता तुह्या आवाजात म्हन,” ती म्हणाली.

“काय?”

“तेच.”

मी म्हटलं. माझ्या साध्या, तिवशाकडच्या, थोड्या चिरक्या आवाजात. नीज वं. तिने माझा पदर सोडला नाही, पण डोळे मिटले. घाम फुटला तेव्हा ऊन ओट्यावरून उतरून गेलं होतं.

बरी झाल्यावर मिठूसाठी नवा शब्द तिनेच काढला. चाळीच्या मागून रेल्वेगाड्या जायच्या, आणि इंजिनाने शिटी दिली की चाळीतली पोरं ओरडायची, सुटली गाडी. लीला म्हणाली, त्याले असं शिकवू. आम्ही दोघी काठीपुढे बसायचो. मी माझ्या आवाजात म्हणायची, “सुटली गाडी,” आणि ती डाळ धरायची. होळीच्या आसपास कधीतरी मिठूने मान वाकडी केली, माझ्याकडे बघितलं, मागे सरकला आणि केलं. लीलाने त्याला डाळ दिली आणि मग एक दाणा माझ्या तोंडात घातला. मायने त्या दिवशीही तुकडा ठेवला होता. पुढे कधीतरी तिने ठेवणं बंद केलं. नेमकं कधी, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

हंगाम संपला तसं जिन बंद झालं. मिठूचा गळा सुटला, पण तो माणसासारखं काही बोलला नाही. शीळ घालायचा, भोंगा करायचा, बस. लीलाचे बाबा सकाळी घरी चहा घ्यायला लागले. मी म्हणाले, विसरला तो. सगळ्यांना तसंच वाटलं.

पुढच्या हंगामात मी बाळंतपणाला माहेरी गेले. मुलगा झाला. थंडी सरायला आल्यावर भाऊ मला परत सोडायला आला. स्टेशनवरून टांगा केला. चाळीपाशी उतरलो तेव्हा दुपार होती, जिन चालू होतं, सगळीकडे पांढरं पडत होतं. भाऊ टांग्यातून पेटी उतरवत होता. मी बाळाला घेऊन ओट्यावर चढले. दार आतून लावलेलं होतं. माय दिसत नव्हती, नळावर गेली असावी.

कडी वाजवायला हात उचलला आणि आतून माझा आवाज आला.

“लीला, वेणी घाल.”

चिरका, तिवशाकडचा. मी घरात रोज म्हणायची तसा, थोडा घाईचा.

“घालते न, थांब,” लीला म्हणाली.

“सुटली गाडी,” आतली मी म्हणाले. मग जरा थांबून, “भाकर खाल्ली का?”

“खाल्ली.”

मी हात खाली घेतला.  आत भांड्याचा आवाज झाला, लीला काहीतरी गुणगुणत होती, आणि मधूनच काठीवरची ती दुसरी तिला काही विचारत होती आणि लीला सवयीने उत्तर देत होती. त्यांचं सगळं नीट चाललं होतं. बाळाने माझ्या खांद्यावर तोंड फिरवलं. शेवटी मी म्हटलं,

“लीला.”

आत एकदम शांत झालं. दोन्ही आवाज.

“कोन हाये?” लीलाने विचारलं. तिच्या आवाजात भीती होती.

मी नाव सांगणार होते. पण नाव सांगून काय होणार, ती म्हणाली असती, थे तर घरात हाये.

“मी हाये,” मी म्हटलं. “दार उघड.”

कडी निघायला वेळ लागला. दार बोटभर उघडलं. फटीतून तिचा एक डोळा दिसला. तिने बाळाकडे पाहिलंच नाही. माझ्या ओठांकडे पाहत होती.

“अजून बोल,” ती म्हणाली.

आणि मी ओट्यावर उभ्या उभ्या बोलायला लागले. टांगेवाल्याचा घोडा कसा अडला ते सांगितलं. बाळाच्या कानामागे तीळ आहे ते सांगितलं, आजीने तिच्यासाठी बोरं दिली आहेत, गाडीत एका बाईने आपल्या कोंबड्या आमच्या पायाशी ठेवल्या होत्या, काय तोंडात येईल ते. मागे भाऊ पेटी घेऊन थांबला होता आणि त्याला काही कळत नव्हतं. मी बोलत राहिले, ती ओठ बघत राहिली, आणि दार हळूहळू, बोटाबोटाने, उघडत गेलं.